प्रकल्प नोंदी : मागाची हलती चित्रं, लेयर घालून

९ नोव्हेंबर

बेळगावातल्या वडगावच्या मराठी शाळेतल्या बाईंचा फोन आला. डिसेंबरात शाळेत प्रदर्शन आहे, विषय 'आपल्या गावचे उद्योग'. खानापूरची मातीची भांडी, बेळगावचा कुंदा, पश्चिम भागातली रताळी हे सगळं टेबलावर मांडता येतं. माग कुठून आणणार? बाई म्हणाल्या, "टीव्हीवर काहीतरी हलतं दाखवा की, पण व्हिडिओ नको. व्हिडिओत नुसता आवाज आणि थरथर दिसते, पोरांना काही कळत नाही."

खरं आहे त्यांचं. चालत्या यंत्रमागाचा व्हिडिओ बघितला तर धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग, दिसतच नाही. साधा माग मिनिटाला शंभराच्या वर पिक टाकतो, पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. १२० धरले तर एका पिकाला अर्धा सेकंद, आणि त्या अर्ध्या सेकंदात उभे धागे उघडतात, धोटा पार होतो, नवा धागा आत ढकलणारी फणी येऊन आपटते, धागे उलटतात. डोळ्याला एवढं झेपत नाही. चित्रं काढून सावकाश दाखवायचं, हे ठरलं. वडगाव-शहापुरात वाढलेल्या पोरांनाही मागाचा आवाज तेवढा ओळखीचा, आत काय चालतं ते कुणी सांगितलेलं नसतं.

साधन गिंप, चित्रं करायचा प्रोग्राम. दुकानात पत्रिका-बॅनर कोरलमध्ये होतात, पण हलत्या चित्राला गिंप बरं, फुकट आहे आणि लेयरचीच फ्रेम करतं, म्हणजे एकावर एक ठेवलेला चित्राचा प्रत्येक थर हलत्या चित्रातलं एक चित्र होतो. गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, आमच्या जुन्या मशीनवर अजून २.१० आहे. या कामाला तेही पुष्कळ.

११ नोव्हेंबर

वडगावला मामांच्या मागावर जाऊन आलो. मामा घरी कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, आणि मागाला दोन्ही भाषांत शिव्या. मी मोबाइल घेऊन मागाभोवती फिरतोय बघून म्हणाले, "काय करूलालास रे? पुढनं फोटो काढून काय उपेग? बाजूनं ये, बाजूनं."

सगळी मेख इथेच आहे. पुढून, म्हणजे विणकर उभा राहतो तिथून बघितलं, की धोटा डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो आणि फणी आपल्याकडे येताना दिसते. पण ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली होऊन मधे जी फट पडते, तिला तोंड म्हणतो आपण, ती पुढून दिसत नाही. ती बाजूनंच दिसते. आणि बाजूनं बघितलं तर धोट्याचा प्रवास दिसत नाही, नुसतं त्याचं टोक.

म्हणून एकाच पडद्यावर दोन चित्रं. मोठं चित्र पुढून आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात छोटं चित्र बाजूनं. दोन्ही एकाच तालात चालली पाहिजेत. कोपऱ्यात तोंड उघडलं की मोठ्या चित्रात धोटा सुटायला हवा.

मामांनी माग बंद करून हाताने चाक फिरवत एक पिक सावकाश दाखवला. प्रत्येक टप्प्यावर थांबवून फोटो घेतले. चाकावर हात ठेवून ते आपल्या तंद्रीत बोलत होते: "हे उघडलं… आता मारतोय… गेला… आता फणी… झालं. आता हेच उलटं." फ्रेमची यादी मला आयतीच मिळाली.

१२ नोव्हेंबर

चित्र काढायला बसण्याआधी कागदावर दोन रकाने केले. काय हलतं आणि काय हलत नाही. दुसरा रकाना खूप लांब झाला. सांगाडा, धोट्याच्या दोन्ही पेट्या, पुढची दांडी, खालचा कापडाचा रूळ, भिंत, सगळं स्थिर. हलतं ते फक्त ताण्याचे दोन भाग, धोटा, फणी आणि कापड.

फोटोंवरून सरळ ॲनिमेशन करायचा मोह होतो. फोटो एकावर एक टाकायचे आणि जिफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, काढायची. पण हातात धरलेला मोबाइल दर फोटोला थोडा हलतो, आणि मग सगळा मागच नाचायला लागतो. स्थिर वस्तू एकदाच काढून खाली ठेवली तर ती दगडासारखी बसते. लेयरचा खरा फायदा हाच. हलवायला तर काहीही हलवता येतं, पण न हलणारं जागेवर राहिलं तरच हलणारं डोळ्यात भरतं.

मुख्य फाइल ९६० बाय ५४० ची. लेयर खालून वर असे: भिंत, सांगाडा, ताणा-तांबडा, ताणा-पांढरा, कापड, धोटा, फणी, पुढची दांडी. मग कोपऱ्याचा वेगळा गट, आणि सगळ्यात वर अक्षरं. पुढची दांडी फणीच्या वर ठेवली कारण ती विणकराच्या बाजूला आहे, फणीचा खालचा भाग तिच्याआड जातो. एवढ्याने सपाट चित्राला खोली येते.

ताण्याचे धागे एकाआड एक तांबडा-पांढरा केलेत. खऱ्या कापडात असं असेलच असं नाही, पण कुठला भाग वर आणि कुठला खाली हे रंगावरूनच कळतं.

१४ नोव्हेंबर

धोटा काढला. फोटो खालच्या लेयरवर ठेवून त्याची ओपॅसिटी (ठळकपणा) तीस टक्क्यांच्या आसपास आणली आणि वर पेन्सिल टूलने गिरवला. ब्रश नाही, पेन्सिलच. ब्रशची कड मऊ असते, आणि जिफमध्ये पारदर्शकता एक तर पूर्ण असते नाहीतर अजिबात नसते, अर्धवट काही नाही. मऊ कडेचं चित्र पारदर्शक जिफमध्ये गेलं की भोवती पांढरट किनार उठते. माझ्या फ्रेम शेवटी पूर्ण भरलेल्याच असणार, तरीही टणक कड सवयीने बरी. रंगही कमी लागतात.

फणी सोपी, उभ्या काड्यांची चौकट. एक काडी काढून कॉपी-पेस्ट.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज दुकान बंद, म्हणून कापडावर बसलो. सगळ्या कामातला हा भाग मला सर्वात आवडला, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

अडचण अशी होती. जिफ पुन्हा पुन्हा फिरत राहणार. दर पिकाला कापड एका धाग्याने वाढतं आणि रुळाकडे सरकतं. चक्कर संपून पहिली फ्रेम आली की वाढलेलं कापड एकदम मागे उडी मारेल. अशी उडी असली की बघणाऱ्याचं सगळं लक्ष तिच्यावरच जातं.

उत्तर विणीतच होतं. साध्या विणीत पहिल्या पिकाला तांबडे धागे वर आणि पांढरे खाली, दुसऱ्या पिकाला पांढरे वर आणि तांबडे खाली. तिसरा पिक पुन्हा पहिल्यासारखा. म्हणजे कापडावर एक ओळ तांबड्या ठिपक्यांची, पुढची पांढऱ्या ठिपक्यांची, आणि दोन ओळींनी नक्षी तीच. मग चक्करही दोन पिकांचीच ठेवायची. दोन पिक झाले की कापड दोन ओळी सरकलेलं असतं आणि तरी हुबेहूब पहिल्यासारखं दिसतं. सांधा कुठे आहे ते सापडणारच नाही.

चित्रात एका ओळीची उंची १२ पिक्सेल घेतली. कापडाच्या लेयरची उंची २४ च्या पटीत, २४० ठेवली. मग लेयर मेनूतल्या ट्रान्सफॉर्ममध्ये ऑफसेट म्हणून आहे, तिथे वाय मध्ये १२ टाकायचं आणि 'रॅप अराउंड' निवडायचं. खालून बाहेर पडलेली ओळ आपोआप वरच्या कडेला येऊन बसते. उंची २४ च्या पटीत नसेल तर वर दोन तांबड्या ओळी शेजारी शेजारी येतात, आणि ते विणकराच्या डोळ्याला लगेच खुपेल. हा ऑफसेट फक्त फणी आपटते त्या फ्रेमपासून लागू करायचा. त्याआधी कापड हलता कामा नये, कारण नवा धागा फणीनेच आत ढकलला जातो.

दोन पिकांच्या चक्करीचा आणखी एक फायदा झाला. धोटा एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उजवीकडून डावीकडे जातो, म्हणजे शेवटी तोही पहिल्या पेटीत परत. सगळं आपापल्या जागी.

दुसऱ्या पिकाच्या फ्रेमही नव्याने काढाव्या लागल्या नाहीत. धोट्याचा लेयर आडवा उलटवला, ताण्याच्या दोन भागांचे रंग अदलाबदल केले, झालं. मामांचं "आता हेच उलटं" अक्षरशः.

१९ नोव्हेंबर

फ्रेम बांधायला घेतल्या. मुख्य फाइलमध्ये पाहिजे त्या लेयरचे डोळे (लेयर दाखवायची-लपवायची खूण) चालू-बंद करायचे, धोटा आणि फणी हव्या त्या जागी सरकवायची, आणि लेयर मेनूतून 'न्यू फ्रॉम व्हिजिबल'. दिसतंय ते सगळं मिळून एक नवा लेयर तयार होतो. तो कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये टाकायचा. मुख्य फाइल मोडायची नाही. तिच्यात भाग सुटे राहतात, दुसऱ्या फाइलमध्ये नुसत्या फ्रेम.

दुसऱ्या फाइलमध्ये सगळ्यात खालचा लेयर म्हणजे पहिली फ्रेम. नवीन माणूस वरून खाली वाचतो आणि माग उलटा चालवतो.

एका पिकाच्या सात फ्रेम आणि त्यांचा वेळ, मिलिसेकंदात:

तोंड उघडं ४००, धोटा सुटला ८०, धोटा मधे ६०, धोटा पलीकडे पोचला २००, फणी अर्ध्यावर ८०, फणी आपटली ३००, फणी मागे आणि धागे एकमेकांना ओलांडतात १५०.

बेरीज १२७०. म्हणजे खऱ्या मागाच्या अडीच पट संथ, दोन पिकांना अडीच सेकंदांच्या थोडं वर. पण सगळं एकसारखं संथ केलेलं नाही, हे महत्त्वाचं. धोटा पळतोच, फक्त तो सुटण्याआधी आणि पोचल्यावर आपण थांबतो. चित्र कळतं ते थांबलेल्या क्षणांत. सगळ्या फ्रेमना सारखे १०० दिले असते तर तो घड्याळाचा लंबक झाला असता, माग नाही.

वेळ द्यायची पद्धत: लेयरच्या नावात कंसात आकडा आणि त्याला चिकटून एमएस ही दोन इंग्रजी अक्षरं. नाव मराठीत ठेवलं तरी चालतं, कंसातला आकडा मात्र इंग्रजी हवा. जिफ वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजते, म्हणून आकडे दहाच्या पटीतच ठेवलेत. आणि २० च्या खाली गेलं तर ब्राउझर ते मानत नाहीत, १०० धरून चालवतात. म्हणजे खूप वेगवान करायला जावं तर उलट मंद होतं.

२० नोव्हेंबर

धोट्याची मधली फ्रेम बदलली. ६० मिलिसेकंदात स्वच्छ काढलेला धोटा नुसता चमकून जातो, गेला कुठून ते कळत नाही. आता मधल्या फ्रेममध्ये तो ताणून जवळजवळ दुप्पट लांब केलाय आणि मागे दोन-तीन आडव्या रेघा. थांबवून बघितलं तर भयंकर दिसतं, चालवून बघितलं तर पळतोय असं वाटतं. गिंपमध्ये रेषेत धूसर करायचा फिल्टर आहे, पण त्याने मधल्या छटा शेकड्याने तयार होतात, आणि जिफला एका फ्रेममध्ये २५६ च्या वर रंग ठेवता येत नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

लॅपटॉप घेऊन मामांकडे. फिल्टर्स मेनूत ॲनिमेशन, त्यात प्लेबॅक. जिफ न काढताच चालवून दाखवता येतं.

मामांनी चष्मा चढवून बराच वेळ बघितलं. धोट्यावर खूश. कापड सरकतंय ते त्यांनी आपणहून हेरलं. मग म्हणाले, "पण फणी अशी लाडानं येत न्हाई रे. आपटत्या ती."

तिथेच बसून केलं. 'फणी अर्ध्यावर' ८० ची ४० केली. आपटल्याच्या फ्रेमचे दोन तुकडे केले. पहिल्या ५० मध्ये पुढची दांडी आणि कापड दोन पिक्सेल खाली, उरलेल्या २५० मध्ये पुन्हा जागेवर. आवाज नसतानाही खट्ट झाल्यासारखं वाटतं. बाकी सगळं दगडासारखं स्थिर ठेवलं होतं म्हणूनच हे दोन पिक्सेल जाणवतात. मामा म्हणाले, "आता बसली."

मग चहा घेताना त्यांनी जुन्या हातमागाचं सांगितलं. दोरी ओढून धोटा फेकायचे, पायाने तोंड उघडायचे. दोरीने धोटा उडवायची युक्ती इंग्लंडमधल्या जॉन के याची, १७३३ सालची. त्याआधी एका हाताने धोटा सोडायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, म्हणून पन्हा हाताच्या पोचेएवढाच. पोरांना हेही सांगावं, बाईंना कळवतो.

२७ नोव्हेंबर

अक्षरं. शेजारच्या कन्नड शाळेची पोरंही प्रदर्शन बघणार, म्हणून पाट्या दोन्ही भाषांत. एकाच फ्रेमवर दोन्ही लिहिलं तर गर्दी होते. त्यापेक्षा मुख्य फाइलमध्ये अक्षरांचे दोन गट केले, एक मराठी, एक कन्नड. एकाचा डोळा चालू, दुसऱ्याचा बंद, आणि त्याच चित्रांतून दोन वेगळ्या जिफ. माग तोच.

दुकानातल्या जुन्या मराठी फॉन्टांवर गिंपमध्ये भरवसा नाही. ते युनिकोड नाहीत, टाइप केलं तर भलतीच अक्षरं उमटतात. मराठीला मुक्ता आणि कन्नडला नोटो वापरला. जोडाक्षरं दोन्हीकडे नीट बसली. कन्नड पाट्या त्या शाळेच्या सरांकडून तपासून घेतल्या.

पाटी सगळ्या फ्रेमवर सतत ठेवली नाही. 'धोटा' हे धोटा थांबलेला असतानाच, 'फणी' हे फणी आपटल्यावरच. पळणाऱ्या वस्तूचं नाव कुणी वाचत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

जिफ काढायचा दिवस. आधी इमेज मेनूत मोड, इंडेक्स्ड, म्हणजे चित्र मोजक्याच रंगांत. रंग ३२ पुरले. डिथरिंग बंद. ते चालू ठेवलं तर कमी रंगांत मधल्या छटा दाखवायला ठिपके पेरले जातात, फोटोत चांगलं दिसतं, पण हलत्या चित्रात भिंतीवर मुंग्या फिरल्यासारखं होतं. शिवाय फाइल फुगते, कारण जिफ दाबली जाते ती सारखेपणावर. एकाच रंगाचा लांब पट्टा असेल तर तो थोडक्यात लिहिता येतो, ठिपके असतील तर नाही.

मग फिल्टर्स, ॲनिमेशन, 'ऑप्टिमाइझ फॉर जिफ'. हा प्रत्येक फ्रेममधून मागच्या फ्रेमसारखा असलेला भाग काढून टाकतो आणि फक्त बदललेला तुकडा ठेवतो. नवी प्रत बनते, मूळ फाइल तशीच राहते. बनलेल्या प्रतीत लेयर बघितले तर गंमत वाटते: एकात नुसता धोटा, एकात फणीच्या काड्या, सांगाडा फक्त सगळ्यात खालच्या लेयरमध्ये. मी १२ तारखेला कागदावर केलेले दोन रकाने त्याने पुन्हा केले.

त्यानंतर एक्स्पोर्ट. 'ॲज ॲनिमेशन' आणि 'लूप फॉरेव्हर' दोन्हीवर टिक. जिफ १९८७ ची, कॉम्प्युसर्व्ह कंपनीची. फ्रेमला वेळ द्यायची सोय १९८९ च्या आवृत्तीत आली, आणि कायम फिरत ठेवायची खूण नंतर नेटस्केप ब्राउझरने घातली. फ्रेम बदलण्याच्या पर्यायात 'रिप्लेस' नको, 'कम्बाइन'. ऑप्टिमाइझ केलेल्या फाइलला रिप्लेस दिलं तर सांगाडा पहिल्या फ्रेमनंतर गायब होतो आणि धोटा हवेत पळतो. उलट, हाताने तुकडे ठेवून कम्बाइन दिलं तर धोटा मागे आपली शेपूट सोडत जातो, कारण जुना धोटा पुसायला खाली काही नसतं. ऑप्टिमाइझ करताना तो पुसणारा तुकडाही आपोआप घातला जातो, म्हणून हे काम त्याच्यावरच सोडावं.

फाइल एक एमबीच्या आत.

४ डिसेंबर

शाळेत चाचणी. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, जिफची नुसती पहिली फ्रेम दिसली, हललं काहीच नाही. बऱ्याच टीव्हींना हलती जिफ चालवता येत नाही. एफएफएमपेग या प्रोग्रामने तिची एमपीफोर, म्हणजे व्हिडिओची फाइल, केली. ९६० आणि ५४० दोन्ही सम आकडे आहेत ते बरं झालं, विषम असते तर साध्या एमपीफोरला चालत नाही. व्हिडिओ आपोआप फिरत राहीलच याचा नेम नाही, म्हणून तीच चक्कर पुन्हा पुन्हा जोडून दहा मिनिटांची फाइल केली. टीव्ही आता निवांत चालतो.

बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवायची तर जिफच पाठवली, तिकडे तिचा आपोआप छोटा व्हिडिओ होतो.

७ डिसेंबर, रविवार

हलग्याला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू व्हायचं, बॅनरची कामं अंगावर आलीत. उरलेलं आज संपवलं.

मामांची मागणी होती कांडी बदलताना दाखवायची. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की माग थांबवून नवी भरतात. ते या चक्करीत घातलं तर कांडी दर अडीच सेकंदांनी संपेल, म्हणून वेगळी जिफ केली. माग थांबलेला, धोटा मोठा करून दाखवलेला, रिकामी कांडी बाहेर, भरलेली आत, आणि शेवटच्या फ्रेमला पूर्ण दोन सेकंद, तेवढ्यात पोराला पाटी वाचून होते. सांगाडा आणि दांडी मुख्य फाइलमधून तशीच उचलली, नवं काढलं ते फक्त दोन कांड्या आणि एक हात. हात मामांचाच, ११ तारखेच्या फोटोवरून गिरवलेला.

पेनड्राइव्हवर दोन्ही भाषांच्या चार जिफ, चार एमपीफोर आणि मुख्य फाइल ठेवली. पुढच्या वर्षी बाईंना पाट्या बदलायच्या झाल्या तर अक्षरांचा गट उघडा आणि लिहा, बाकीच्याला हात लावू नका, असं चिठ्ठीवर लिहून दिलंय.